लेक्चरला लॅपटॉप न्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या दोन कॉलेजांत मी तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. जुलै उजाडला की पहिल्या वर्षाची मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे पालक, तेच ते प्रश्न घेऊन स्टाफरूमच्या दाराशी येतात. एका तासाहून दुसऱ्या तासाला पळताना दिलेली उत्तरं अर्धवट राहतात. म्हणून ती इथे नीट लिहून ठेवली आहेत.

एका वाक्यात सांगा मॅडम, लॅपटॉप आणू की नको?

आणा, पण प्रत्येक तासाला उघडू नका. जिथे शिक्षक बोलतात जास्त आणि फळ्यावर लिहितात कमी, तिथे चालेल. जिथे फळा दोनदा पुसला जातो, तिथे वही. घरी गेल्यावर मात्र रोज उघडा. हे शेवटचं सगळे सोडून देतात आणि माझ्या मते खरं काम तेच आहे. त्याबद्दल पुढे.

हाताने लिहिलेलं जास्त लक्षात राहतं, हे सिद्ध झालंय ना?

व्हॉट्सॲपवर झालंय. प्रत्यक्षात गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे.

२०१४ साली पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर या अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये आला. विद्यार्थ्यांना ध्वनिचित्रफितीवरची व्याख्यानं दाखवली. काहींनी लॅपटॉपवर नोट्स घेतल्या, काहींनी कागदावर. नंतर प्रश्न विचारले. ‘कोणत्या साली’, ‘किती’ अशा सरळ माहितीच्या प्रश्नांत दोन्ही गट साधारण सारखे निघाले. विचार करायला लावणाऱ्या प्रश्नांत कागदवाले पुढे गेले. टाइप करणारे ऐकलेलं जसंच्या तसं उतरवत होते, असं कारण संशोधकांनी दिलं. गंमत म्हणजे ‘शब्दशः लिहू नका’ अशी सूचना देऊनही पुढच्या प्रयोगातले लॅपटॉपवाले शब्दशःच लिहीत राहिले. बोटांना वेग मिळाला की डोकं सुटी घेतं.

पण २०२१ साली त्याच नियतकालिकात दुसऱ्या गटाने हाच प्रयोग पुन्हा करून पाहिला. लॅपटॉपवाल्यांनी पुन्हा जास्त शब्द आणि जास्त शब्दशः लिहिले, मात्र प्रश्नांच्या गुणांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे ‘लॅपटॉप म्हणजे नापास’ असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका, आणि ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यालाही लगेच हो म्हणू नका. नुसत्या साधनाने किती फरक पडतो यावर वाद आहे, पण टाइप करणारा माणूस टंकलेखक होऊन बसतो हे दोन्ही वेळा दिसलं.

आमच्या विषयाचा एक दाखला देते, कारण तो माझा आवडता आहे. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीत अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गांवर एक अभ्यास झाला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही वर्गांत लॅपटॉप-टॅबलेटला मोकळीक, काही वर्गांत बंदी. मोकळीक असलेल्या वर्गांची परीक्षेतली कामगिरी थोडी का होईना, घसरली. ती मुलं लष्करी शिस्तीतली होती हे लक्षात घ्या. कॉलेज रोडवरच्या आपल्या शिस्तीबद्दल मी काही बोलत नाही.

मग टाइप करताना नेमकं बिनसतं कुठे?

मागच्या वर्षीचा एक तास सांगते. विषय मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते. नाशकात शिकवताना उदाहरण शोधायला लासलगावच्या पुढे जावं लागत नाही, म्हणून कांदा घेतला. तास संपल्यावर दोघींच्या नोट्स मागून पाहिल्या. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या लॅपटॉपवर हे होतं:

‘कांद्याचं उदाहरण घेऊ समजा लासलगावला आवक वाढली आणि किलोचा भाव वीस रुपयांवरून सोळा रुपयांवर आला तर लोक काय दुप्पट कांदा खातील का नाही फार तर पाच टक्के जास्त घेतील कारण भाजीला कांदा लागतो तेवढाच लागतो’

माझं वाक्य अगदी ‘फार तर’सकट उतरलं होतं. टायपिंगला पैकीच्या पैकी. दुसरी मुलगी निफाड तालुक्यातली, तिच्या वहीत एवढंच:

‘कांदा: भाव ↓ २०%, मागणी ↑ ५%, लव. ०.२५ (१ पेक्षा कमी). १०० कि. × २० = २०००. १०५ × १६ = १६८०. माल जास्त, पैसा कमी!!’

आणि समासात, बारीक अक्षरात: ‘म्हणून चाळ?’

१६८० चा हिशेब मी फळ्यावर केलाच नव्हता. चाळीचा तर उल्लेखही नव्हता. आवक एकदम बाजारात येऊ नये म्हणून कांदा चाळीत साठवतात, हे तिने घरी पाहिलेलं, ते तिने माझ्या तासाला आणून जोडलं. तिचा हात माझ्या बोलण्याच्या वेगाने चालूच शकत नव्हता. काय ठेवायचं, काय टाकायचं हे तिला बसल्या जागी ठरवावं लागलं, आणि ते ठरवताना विषय समजला. लॅपटॉपवालीला ते ठरवण्याची वेळच आली नाही.

लॅपटॉपवरही असं लिहिता येतं बरं का. एका मुद्द्याला एक ओळ, पूर्ण वाक्य लिहायचंच नाही, शिक्षक बोलत असताना अधूनमधून हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवायचे. हा शेवटचा उपाय ऐकायला पोरकट वाटतो. करून बघा.

‘घरी रोज उघडा’ म्हणालात, ते का?

वर्गातल्या नोट्स हा कच्चा माल. त्याच दिवशी रात्री वीस मिनिटं बसून तो लॅपटॉपवर उतरवायचा, तोही नक्कल म्हणून नाही. वही बाजूला ठेवून आधी आठवेल ते टाइप करा, मग वही उघडून सुटलेलं भरा. जिथे अडलात ती जागा ठळक करा आणि दुसऱ्या दिवशी विचारा. इथे लॅपटॉपला तोड नाही. मुद्दे वरखाली करता येतात, शोधता येतात, परीक्षेआधी सहा महिन्यांचं एका जागी मिळतं.

वहीसाठी कॉर्नेल पद्धत वापरा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी ती १९५० च्या दशकात रुळवली. पानाचा डावीकडचा साधारण एक तृतीयांश भाग मोकळा सोडायचा, उजवीकडे नोट्स, खाली तीन-चार ओळींचं सार. डावीकडे नंतर आपले प्रश्न लिहायचे. रात्री उजवी बाजू झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. कागदाचा थोडा अपव्यय होतो, आजीला दाखवू नका.

मी लॅपटॉप उघडला तर शेजारच्याचं काय बिघडतं?

बिघडतं. कॅनडात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कागदावर लिहिणाऱ्या काही विद्यार्थ्यांना अशा जागी बसवलं की समोरच्याची स्क्रीन दिसेल, आणि त्या स्क्रीनवर अभ्यासाव्यतिरिक्त इतर गोष्टी चालू होत्या. त्यांना चाचणीत इतरांपेक्षा सुमारे १७ टक्के गुण कमी पडले. स्वतः लॅपटॉपवर इकडेतिकडे करणाऱ्यांचं नुकसान सुमारे ११ टक्के होतं. दोन वेगळे प्रयोग आहेत, त्यामुळे आकड्यांची थेट तुलना नको. पण मागच्या बाकावरून क्रिकेटचा स्कोअर दिसत असेल तर तास कुणाचा बुडतोय, ते कळलं असेल.

म्हणून आता माझ्या तासाला लॅपटॉपवाले शेवटच्या दोन ओळींत, भिंतीला पाठ लावून. वाय-फाय बंद, नोटिफिकेशन बंद.

मराठीतून टाइप कसं करायचं? मिंग्लिश चालेल का?

वर्गात घाईत मिंग्लिश, म्हणजे इंग्रजी अक्षरांत मराठी, चालेल, पण परीक्षेला उत्तर मराठीत लिहायचं असेल तर ‘seemant’ ची ‘सीमांत’ करायला वेळ द्यावा लागतो. त्यापेक्षा एकदाच शिका.

दोन रस्ते आहेत. पहिला फोनेटिक: इंग्रजी अक्षरं दाबा, मराठी उमटतं. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडून घ्या, मग विंडोज आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलते. दोन दिवसांत सवय होते. दुसरा इन्स्क्रिप्ट, हा आपला राष्ट्रीय मानक कळफलक. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. क आणि ख एकाच कळीवर, ख साठी शिफ्ट. ‘नाशिक’ लिहायला व्ही, ई, शिफ्ट-एम, एफ, के, बस्स. आणि ज्यावर सगळे अडतात तो ‘शेतकऱ्या’मधला ‘ऱ्य’: शिफ्ट-जे, डी, मग तिरकी रेघ. सुरुवातीचे तीन आठवडे जीव नकोसा होतो. नंतर बोटांना कळतं की अक्षरांच्या जागेत तर्क आहे.

सरकारी नोकरीचा विचार असेल तर राज्य परीक्षा परिषदेची मराठी ३० शब्द प्रतिमिनिट टायपिंगची परीक्षा तसंही बऱ्याच जणांना द्यावी लागतेच. नोट्सच्या निमित्ताने सराव होऊन जातो.

एक गोष्ट मात्र टाळा. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये नोट्स नकोत. ज्या संगणकावर तो फॉन्ट नाही तिथे तुमचा ‘उपभोक्ता’ अगम्य चिन्हांच्या रांगेत हरवतो, आणि शोधायला गेलात तर एकही शब्द सापडत नाही.

आलेख, आकृत्या, गणितं?

वही. वाद घालू नका. मागणी वक्र हाताने काढायला दहा सेकंद लागतात. लॅपटॉपवर अक्ष ओढेपर्यंत मी वक्र उजवीकडे सरकवून नवा समतोल काढून फळा पुसलेला असतो. शिवाय किंमत उभ्या अक्षावर आणि नग आडव्या अक्षावर ही अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शलपासून चालत आलेली उलटी रीत हाताला मुरली नाही, तर परीक्षेत अक्ष हमखास चुकतात. (दरवर्षी चुकतात. पेपर तपासताना मी चहाचा दुसरा कप त्याच प्रश्नापाशी मागवते.)

रात्री वहीतली आकृती फोनने टिपून लॅपटॉपच्या नोट्समध्ये चिकटवा. समीकरणं टाइप करायची असतील तर वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकत्र दाबा, समीकरणाची चौकट येते.

फळ्याचा फोटो काढला तर लिहायची गरजच काय?

तुमच्या गॅलरीत आत्ता असे किती फोटो आहेत आणि त्यातले किती पुन्हा उघडले, ते मोजा.

लेक्चर रेकॉर्ड करून ॲपकडून नोट्स काढून घेतल्या तर?

आधी शिक्षकांना विचारा. न विचारता रेकॉर्डिंग करणं उद्धटपणा आहे, आणि वर्गात दुसऱ्या मुलांचे प्रश्नही त्यात येतात. परवानगी मिळाली तरी मराठी-इंग्रजी मिश्रित लेक्चरवर ही ॲप अजून धडपडतात. माझ्या एका तासाच्या तशा नोट्समध्ये ‘सीमांत उपयोगिता’ची ‘श्रीमंत उपयोगिता’ झाली होती. अर्थशास्त्राच्या दृष्टीने चूक, पण विचार करण्यासारखी.

शिक्षक लॅपटॉप उघडूच देत नाहीत.

मग उघडू नका. फार तर तासानंतर एकट्याने जाऊन सांगा की मागे बसेन, नेट बंद ठेवेन, आठवड्याने नोट्स दाखवेन. वर्गासमोर हक्काची भाषा केलीत तर काम होत नाही, हा आपल्याकडचा अनुभव.

पण एक अपवाद आहे. दृष्टीची अडचण, हाताची अडचण किंवा डिस्लेक्सियासारखी अध्ययन-अक्षमता असेल तर लॅपटॉप ही तुमची वहीच आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अक्षमतेचे २१ प्रकार धरले आहेत, अध्ययन-अक्षमता त्यात येते, आणि शिक्षणसंस्थांनी गरजेप्रमाणे सोय करून द्यावी असं तो सांगतो. तेव्हा प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. स्क्रीन वाचून दाखवणारं एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते मराठीही वाचतं.

परीक्षा तर हातानेच लिहायची आहे ना?

हो, आणि हे कुणी लक्षात घेत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये अभियांत्रिकीचा सत्रान्त पेपर ७० गुणांचा, अडीच तासांचा होता. सहा महिने फक्त टाइप केलेल्या बोटांना अडीच तास पेन धरवत नाही. दुसऱ्या तासात अक्षर ढासळतं आणि परीक्षक ते बघतो, बघत नाही म्हणाला तरी. आठवड्यातून एक मोठं उत्तर घड्याळ लावून हाताने लिहा.

कोणता लॅपटॉप घ्यावा? (हा प्रश्न नेहमी वडील विचारतात.)

काका, नोट्ससाठी महागडा लागत नाही. ८ जीबी रॅम, एसएसडी, चौदा इंची स्क्रीन, वजन दीड किलोच्या आसपास. कंपनीचं नाव बघण्याआधी दुकानात उभ्याने पाच मिनिटं टाइप करून बघायला मुलाला सांगा. एमजी रोडला जुना घेत असाल तर विक्रेत्याला बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’ची एक आज्ञा दिली की तो मिळतो. त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही लिहिलेल्या असतात. आत्ताची मूळच्या अर्ध्यावर असेल तर बॅटरी बदलण्याचा खर्च भावातून कापा.

वर्गात प्लग नसतो, बॅटरी पुरत नाही.

उजेड कमी करा, नेट बंद ठेवा, बॅटरी सेव्हर लावा. टाइप-सीने चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर पॉवर बँक चालते, पण ४५ ते ६५ वॅटची हवी. मोबाइलची साधी पॉवर बँक लावून वाट बघू नका. पंख्याच्या बटणाशेजारच्या एकमेव प्लगवरून भांडू तर अजिबात नका.

पावसात लॅपटॉप आणायचा कसा?

त्र्यंबकच्या बाजूने सिटीलिंकच्या बसने येणाऱ्यांना हा प्रश्न खरा आहे. सॅकवरचं कव्हर वरून झाकतं, पाठीकडून पाणी झिरपतंच. आत लॅपटॉपला वेगळी जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड दुमडून. पाणी शिरलंच तर चालू करून ‘बघू’ नका. चार्जर काढा, बंद करा, उघडून पालथा ठेवा, दुकानात न्या. तांदळात ठेवल्याने तांदूळ खराब होतात. गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत गोदावरी आली की त्या दिवशी वहीच आणा, आणि खरं तर त्या दिवशी घरीच बसा.

नोट्स हरवू नयेत म्हणून काय करायचं?

एमएच्या दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्या नोट्स एका पेनड्राइव्हवर होत्या, फक्त त्याच्यावर. प्रिंट काढायला एका दुकानात तो लावला. घरी येऊन बघते तर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले, आत काहीच उघडेना. घाबरून मी पेनड्राइव्ह फॉरमॅट केला. आठवड्याने एका मित्राने शांतपणे सांगितलं की तो शॉर्टकट व्हायरस होता, फाइली गेल्या नव्हत्या, नुसत्या लपवलेल्या होत्या. व्हायरसने लपवल्या, पुसल्या मी.

तेव्हापासून तीन ठिकाणी ठेवते: लॅपटॉपवर, ऑनलाइन ड्राइव्हवर आणि महिन्यातून एकदा वेगळ्या पेनड्राइव्हवर. प्रिंटला फाइल ईमेलने पाठवते. फाइलच्या नावात विषय आणि तारीख लिहा. ‘नवीन नोट्स अंतिम खरी २’ हे नाव नाही, आर्जव आहे.

टॅबलेट आणि पेन कसं?

आकृत्यांसाठी उत्तम, खिशाला जड. वेस्ट पॉइंटच्या अभ्यासात टॅबलेट बाकावर सपाट ठेवायची अट असलेल्या वर्गांतही घसरण दिसलीच होती. तेव्हा तो जादूची कांडी नाही.

माझ्याकडे लॅपटॉपच नाही. मी मागे पडेन का?

नोट्सच्या बाबतीत नाही. रात्रीचं काम दुसऱ्या वहीत करा, तेवढंच उपयोगी पडतं. सबमिशनला टाइप केलेलं लागलं तर कॉलेजच्या संगणक कक्षात जा, आठवडाभर आधी, आदल्या दिवशी रांग असते. बसायला शांत जागा हवी तर ग्रंथालय धरा. आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे.

निफाडच्या त्या मुलीकडेही लॅपटॉप नव्हता. परीक्षेच्या आठवड्यात तिची वही वर्गभर फिरली आणि कॉलेजसमोरच्या दुकानात तिच्या झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, लॅपटॉपवाल्यांनीही काढल्या. त्यातला एक संच माझ्या हातात आला. दुकानदाराने पान मशीनवर जरा सरकवून ठेवलं होतं, त्यामुळे डावीकडचा समास कापला गेला होता. उजवीकडचं सगळं नीट वाचता येत होतं. ‘म्हणून चाळ?’ मात्र कुठेच नव्हतं.